सीव्हीपी वाढलाय, बीपी पडलंय: फ्लुइड देण्याआधी काय काय बघायचं

तक्रार साधारण अशी असते. मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) बदलून पेशंट दुपारी आयसीयूत आलाय. पहिले दोन-तीन तास बरे जातात. मग सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ९ वरून १८ वर जातो, बीपी ८५/५६ वर येतं, लघवी तासाला ५० मिलीवरून १५ वर येते, हातपाय गार पडतात, लॅक्टेट चढू लागतं. ड्यूटीवरच्या रेसिडेंटचा फोन येतो: "मॅडम, सीव्हीपी अठरा, बीपी पंच्याऐंशी. उजवी बाजू गेली वाटतं. फ्लुइड देऊ का?"

या एका वाक्यात निदानही आहे आणि उपचारही आहे, आणि दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही. हृदयाची उजवी बाजू खरंच गेली असेल तर फ्लुइड हा बहुतेक वेळा शेवटचा उपाय. आणि फ्लुइडची खरंच गरज असेल तर तो अठरा आकडा आला कुठून? रात्री आयसीयूत जे एकटे असतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी ज्या क्रमाने बघते तोच क्रम ठेवलाय. दाबाचे सगळे आकडे मिलिमीटर पाऱ्याचे आहेत.

आपल्याकडे कोल्हापुरात हा प्रश्न जास्त का येतो, ते आधी. चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी या भागांतून आणि घाट चढून कोकणातून येणाऱ्या पेशंटमध्ये र्‍हुमॅटिक व्हॉल्व्हचे रुग्ण अजून बरेच आहेत. त्यात तिशी-चाळिशीतल्या बायका खूप. "चालतंय की डॉक्टर, नुसतं फडात गेलं की धाप लागतीय" असं म्हणत त्यांनी वर्षं काढलेली असतात. व्हॉल्व्ह अरुंद होत जातो, डाव्या वरच्या कप्प्यातला दाब मागे फुप्फुसात साठतो, फुप्फुसाच्या धमन्या जाड होतात आणि उजव्या वेंट्रिकलवर, म्हणजे आरव्हीवर, कायमचं ओझं बसतं. चुलीपुढे जन्म गेलेल्या आज्या आणि फाउंड्रीत काम करून वर विडी ओढणारे बायपासचे पेशंट यांची फुप्फुसंही या प्रश्नात भर घालतात. व्हॉल्व्ह नवा बसला तरी फुप्फुसाच्या धमन्या त्या रात्री नव्या होत नाहीत.

दुसरी गोष्ट खर्चाची. बरीच ऑपरेशनं महात्मा फुले योजनेच्या ठरलेल्या रकमेत बसवावी लागतात, त्यामुळे स्वान-गँझ कॅथेटर (फुप्फुसाच्या धमनीपर्यंत जाणारी नळी) प्रत्येकाला पडत नाही. मग हाताशी उरतं काय, तर सीव्हीपीची लाइन, आर्टरी लाइन (धमनीत घातलेली बीपीची नळी), इको मशीन आणि आपले डोळे. एवढ्यावर खूप काही कळतं, पण ही साधनं कुठे फसवतात ते माहीत हवं.

आधी नळी, मग पेशंट

झीरो आणि लेव्हल ही दोन वेगळी कामं आहेत. झीरो करणं म्हणजे थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची तोटी) हवेला उघडून बाहेरच्या हवेचा दाब शून्य आहे असं मॉनिटरला सांगणं. लेव्हल म्हणजे ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या उंचीला आणणं: चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधली फट आणि काखेची मधली रेषा जिथे मिळतात ती जागा. "झीरो केलंय मॅडम" हे उत्तर मला नेहमी मिळतं, लेव्हलबद्दल कुणी आपणहून बोलत नाही.

आता गंमत बघा. ट्रान्सड्यूसर असतो सलाइनच्या स्टँडवर, आणि वर-खाली होते ती कॉट. एक्स-रेची प्लेट घालायला, ड्रेसिंगला, चादर बदलायला कॉट वर घेतली जाते आणि बऱ्याचदा तशीच राहते. १.३६ सेंटिमीटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पारा. कॉट १५ सेंटिमीटर वर गेली की सीव्हीपी ११ ने फुगतो. खरा ७, पडद्यावर १८.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग सुटतो. आर्टरी लाइनचा ट्रान्सड्यूसरही त्याच पट्टीवर शेजारी बसवलेला असतो, म्हणजे तिथेही ११ जास्त दिसणार. पडद्यावर ८५/५६, मीन (सरासरी दाब) ६६. प्रत्यक्षात ७४/४५, मीन ५५. तुम्हाला वाटतंय की पेशंट भरलेला आहे, उजवी बाजू थकलीय आणि दाब जेमतेम चालेल असा आहे. खरं म्हणजे तो रिकामा आहे, कदाचित कुठेतरी रक्त जातंय, आणि दाब अजिबात चालण्यासारखा नाही. तेच ११ मिलिमीटर बीपीत लपून जातात आणि सीव्हीपीत अख्खं निदान उलटं करतात. म्हणून लेव्हल दुरुस्त केल्यावर दोन्ही आकडे नव्याने वाचा, एकच नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. पेशंट आयसीयूत आला की छातीच्या बाजूला मार्करने फुली मारा. गवंडी भिंतीची लेव्हल काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तशी हातभर नळी प्रत्येक कॉटला टांगून ठेवा. नजरेच्या अंदाजाने पाच सेंटिमीटरची चूक सहज होते आणि रात्री तीन वाजता तर कुणाच्याच नजरेचा भरवसा नसतो. कॉट हलवली, डोकं वर केलं, पेशंट सरकवला की पुन्हा लेव्हल. वॉर्डबॉय मामांनाही हे सांगून ठेवा, कारण कॉटचं हँडल बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतं. "कॉट हलवली की सिस्टरना हाक मारायची" एवढं पुरतं. कुशीवर असलेल्या पेशंटचा आकडा मात्र चार्टवर घेऊच नका, पाठीवर आणून घ्या.

बाकीच्या नळीच्या भानगडी पटापट. प्रेशर बॅग ३०० वर आहे का, की ढिली पडलीय? नळीत हवेचा बुडबुडा, रक्ताची गुठळी, टाक्याजवळ मुरड? सीव्हीपी कॅथेटरच्या ज्या ल्युमेनला (आतल्या वाटेला) लावलाय त्यातूनच एखादं इन्फ्युजन जोरात चाललंय का? टोकाचं ल्युमेन, बहुतेक कॅथेटरवर तपकिरी रंगाचं, मोजण्यासाठी मोकळं ठेवावं. आणि आकडा श्वास बाहेर सोडण्याच्या शेवटी वाचावा. व्हेंटिलेटरवर छाती फुगते तेव्हा सीव्हीपी वर जातो आणि पडद्यावरचा मोठा आकडा हा सगळ्या श्वासांची सरासरी असतो. पेशंट व्हेंटिलेटरशी भांडत असेल तर त्या सरासरीला फार अर्थ राहत नाही. पट्टी छापून घ्या आणि हाताने वाचा.

आकडा खरा निघाला, आता लाट बघा

सीव्हीपी हा आकडा म्हणून फार गरीब आहे, लाट म्हणून श्रीमंत. पण बहुतेक मॉनिटरवर ती लाट पडद्याच्या तळाशी चपटी करून ठेवलेली असते, कारण स्केल ० ते ६० वर असतं. स्केल ० ते ३० वर आणा, शक्य असेल तर ० ते २० वर, आणि ईसीजीसोबत पट्टी काढा.

ए लाट ईसीजीतल्या पी नंतर येते, वरचा उजवा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा. व्ही लाट टी च्या शेवटाजवळ येते, ट्रायकस्पिड (उजव्या दोन कप्प्यांमधली झडप) बंद असताना तो कप्पा भरतो म्हणून. ए नंतरचा उतार एक्स, व्ही नंतरचा उतार वाय. एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं.

ठरावीक ठोक्यांना भल्यामोठ्या ए लाटा दिसतायत? वरचा कप्पा बंद ट्रायकस्पिडवर धडकतोय. म्हणजे जंक्शनल रिदम किंवा नुसतं व्हेंट्रिकल पेसिंग चालू आहे. हे मी अनेकदा पाहिलंय आणि याचा आनंद वेगळाच असतो, कारण औषध लागत नाही. पेसिंगच्या तारा बघा: साधारणपणे उरोस्थीच्या उजवीकडून बाहेर आलेल्या एट्रियमच्या, डावीकडच्या व्हेंट्रिकलच्या. एट्रियमला पेसिंग द्या, वहन नीट नसेल तर दोन्हीकडे क्रमाने, दर ९० च्या आसपास. ताठ, थकलेल्या आरव्हीला वरच्या कप्प्याच्या त्या शेवटच्या धक्क्याची फार गरज असते. सीव्हीपी १८ वरून १२ वर येतो आणि बीपी डोळ्यांदेखत वर जातं. अर्थात, आपल्या मायट्रलच्या बऱ्याच पेशंटना आधीपासून एट्रियल फिब्रिलेशन असतं. मग ए लाटच नाही आणि ही सोयही नाही.

व्ही लाट मोठी आणि एक्स उतार गायब असेल तर ट्रायकस्पिड गळतोय. इथे मॉनिटरची सरासरी पुन्हा फसवते, कारण उंच व्ही लाटा ती वर ओढतात. अशा पेशंटमध्ये व्ही चालू होण्याआधीची, क्यूआरएसच्या जवळची पातळी वाचा. तोच आरव्ही भरल्यानंतरचा खरा दाब.

वाय उतार खोल, टोकदार आणि लाट इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी: आरव्ही ताठ झालाय, भरायला सुरुवात करतो आणि लगेच अडतो. वाय उतार पुसला गेलाय, एक्स तेवढा उरलाय: टॅम्पोनेडचा (हृदयाभोवती साचलेलं रक्त हृदयाला दाबतंय) विचार करा. पण ऑपरेशननंतरच्या टॅम्पोनेडवर पुस्तकाची सगळी लक्षणं लावू नका. उजव्या एट्रियमच्या मागे एकच गुठळी बसलेली असते, सगळे दाब समान होत नाहीत, पल्सस पॅराडॉक्सस (श्वासासोबत बीपीतला मोठा चढउतार) मिळत नाही. म्हणून ड्रेनकडे बघा. तासाला १५० येणारा ड्रेन एकदम १० वर आला आणि त्याच वेळी सीव्हीपी चढला, तर रक्त थांबलं म्हणून सुस्कारा टाकू नका. ड्रेन तुंबलाय असं धरून चला, सर्जनना कळवा. छातीवरून केलेल्या इकोत काही दिसलं नाही म्हणून टॅम्पोनेड नाही असं म्हणता येत नाही. ड्रेसिंग, ड्रेन आणि फुगलेलं फुप्फुस यामुळे नेमका तोच कोपरा दिसत नाही. अन्ननलिकेतून इको करा, आणि तोवर पेशंट कोसळत असेल तर इकोची वाट न बघता छाती पुन्हा उघडणं हाच मार्ग.

यानंतर व्हेंटिलेटर बघा: पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) विनाकारण १० वर राहिलाय का, सीओपीडीच्या पेशंटचा श्वास पूर्ण बाहेर पडतोय का. शंका असेल तर काही सेकंद सर्किट सोडवा. बीपी सुधारलं तर अडकलेली हवा हेच कारण. हवा दोन्हीकडे सारखी जातेय का ऐका. बायपाससाठी छातीतली मॅमरी धमनी काढताना प्लुरा (फुप्फुसाभोवतीचं आवरण) उघडलेला असतो आणि डावीकडचा ड्रेन चिमटा लावून तसाच राहू शकतो. मग एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी). पीएच ७.२५ आणि कार्बन डायऑक्साइड ५५ असेल तर फुप्फुसाच्या धमन्या आवळलेल्या आहेत. त्या सैल करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय व्हेंटिलेटरच्या बटणात आहे.

आता मान्य करू की उजवी बाजूच आहे

आरव्हीची भिंत ३ ते ५ मिलिमीटर, डाव्या बाजूची साधारण १० मिलिमीटर. आरव्ही भरपूर रक्त कमी दाबावर पुढे ढकलायला बनलेला आहे. समोरचा दाब हळूहळू वाढला तर तो जाड होऊन निभावतो, अचानक वाढला तर फुगतो. फुगला की मधला पडदा डावीकडे ढकलला जातो, डावी बाजू आडव्या छेदात गोल न दिसता डी च्या आकाराची दिसते, तिच्यात रक्त भरायला जागा कमी पडते, बीपी पडतं. बीपी पडलं की आरव्हीला रक्त पुरवणारी उजवी कोरोनरीही उपाशी राहते. एरवी आरव्हीला सिस्टोल आणि डायास्टोल दोन्हींत रक्त मिळतं. फुप्फुसातला दाब वाढला की हा सिस्टोलमधला वाटा आटतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की वेगात फिरतं, म्हणून आधीच्या पायऱ्या दहा मिनिटांत उरका.

कारण शोधा. ऑपरेशन थिएटरमध्ये महाधमनीवरचा क्लॅम्प काढल्यावर लगेच आरव्ही फुगला आणि दोन, तीन, एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर गेला, तर उजव्या कोरोनरीत हवा गेलीय. पेशंट उताणा असताना त्या कोरोनरीचं तोंड समोर वर असतं आणि हवा वर जाते. दाब वाढवून पंपावर (हार्ट-लंग मशीनवर) थोडं थांबलं की ती बहुधा निघून जाते. पण हेच चित्र आयसीयूत चार तासांनी दिसलं तर हवेचं नाव घेऊ नका. बायपासचा ग्राफ्ट मुरडलाय, बंद पडलाय किंवा स्पॅझम आहे. उजव्या बाजूच्या लीड लावून ईसीजी काढा आणि सर्जनना झोपेतून उठवा. प्रोटॅमिन (हेपारिनचा परिणाम उलटवणारं औषध) देताना फुप्फुसातला दाब एकदम चढला तर ती प्रतिक्रिया, तीही थिएटरमधलीच. आणि एक कारण चार्टवर कुठेच लिहिलेलं नसतं: पंपावर असताना आरव्हीचं नीट संरक्षण झालं नाही. कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवून जपणारं द्रावण) फक्त कोरोनरी सायनसमधून उलट दिशेने दिला तर आरव्हीपर्यंत तो कमी पोचतो, शिवाय आरव्ही सगळ्यात वर असल्याने दिव्यांखाली लवकर तापतो. म्हणून पर्फ्युजनिस्टला विचारा: क्लॅम्प किती वेळ होता, कार्डिओप्लेजिया कुठून दिला.

इको करताना टॅप्सीवर विसंबू नका

ही माझी जुनी तक्रार आहे. टॅप्सी (ट्रायकस्पिडच्या कडेची टोकाकडे होणारी हालचाल) १७ मिलिमीटरच्या खाली म्हणजे आरव्ही खराब, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पेरिकार्डियम उघडलं की आरव्हीची लांबीतली हालचाल कमी होते आणि आडव्यातलं आकुंचन तिची भरपाई करतं. ऑपरेशन छान झालेल्या, बीपी उत्तम असलेल्या पेशंटचा टॅप्सीही दुसऱ्या दिवशी ११ येऊ शकतो. तेव्हा ऑपरेशनआधीचा २० आणि आत्ताचा ११ अशी तुलना करून कुणी घाबरून आलं तर मी विचारते, आरव्हीचं क्षेत्रफळ आकुंचनात किती कमी होतंय? ३५ टक्क्यांच्या वर असेल तर टॅप्सी बाजूला ठेवा. अन्ननलिकेतल्या इकोत तर टॅप्सीची रेघ हालचालीच्या दिशेत नीट बसतच नाही, तिरकी पडते आणि आकडा आणखी कमी येतो.

त्यापेक्षा हे बघा: चार कप्प्यांच्या चित्रात आरव्ही डाव्या वेंट्रिकलपेक्षा मोठा दिसतोय का, हृदयाचं टोक आरव्हीनेच बनलंय का, पडदा कुठे झुकलाय, आणि ट्रायकस्पिडची गळती ऑपरेशनआधीपेक्षा वाढलीय का. यासाठी ऑपरेशनआधीचा इको हाताशी हवा. पेशंट एका गावातून इको करून आलेला असतो, रिपोर्टवर "आरव्ही नॉर्मल, सिव्हिअर पीएच (पल्मनरी हायपरटेन्शन)" एवढ्याच दोन ओळी असतात. म्हणून भूल देण्याआधी आपण स्वतः आरव्हीची दोन चित्रं साठवून ठेवावीत. रात्री तीच कामी येतात.

छातीवरून काहीच दिसत नसेल तर पोट बघा. पोटाचा प्रोब, उजव्या बरगड्यांच्या फटीतून पोर्टल व्हेन, त्यावर पल्स डॉपलर. एरवी तिथला प्रवाह जवळजवळ सपाट चालतो. उजव्या बाजूचा दाब मागे तुंबला की तो हृदयाच्या ठोक्यासोबत हिंदकळू लागतो. सर्वाधिक वेग ३० आणि सर्वांत कमी १२ असेल तर फरक १८, म्हणजे ६० टक्के. ३० च्या आत ठीक, ५० च्या वर म्हणजे यकृत-किडनीपर्यंत तुंबलंय. अगदी सडपातळ माणसात हा प्रवाह एरवीही थोडा हिंदकळतो आणि सिरॉसिसमध्ये ही खूण भरवशाची नाही, एवढं लक्षात ठेवा. पण ड्रेनच्या जंगलात छातीवर खिडकी शोधत बसण्यापेक्षा हे शिकणं सोपं आहे, आणि यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

स्वान-गँझ असेल तर

१९७० पासून हे कॅथेटर वापरात आहे आणि ते टाकावं की नाही यावर आजही वाद चालतो. माझं मत: साध्या बायपासला नको. फुप्फुसातला दाब खूप वाढलेला मायट्रल असेल आणि आरव्ही आधीच मोठा असेल तर टाका, पण टाकल्यावर त्याचं वाचन नीट करा.

रेसिडेंट मला अनेकदा खुशीत सांगतात, "मॅडम, पीए प्रेशर उतरलं! संध्याकाळी ६२/२८ होतं, आता ३८/२४ आहे." छान. आणि सीव्हीपी? "तो बारावरून अठरा झालाय." मग हे उतरणं चांगलं नाही. दाब तयार करणारा आरव्हीच दमलाय म्हणून आकडा उतरलाय. पीए (फुप्फुसाच्या धमनीतल्या) सिस्टॉलिकमधून डायास्टॉलिक वजा करा आणि सीव्हीपीने भागा. संध्याकाळी ३४ भागिले १२, म्हणजे २.८. आता १४ भागिले १८, म्हणजे ०.८. हा आकडा १ च्या खाली गेला की आरव्ही गंभीर अडचणीत आहे असं धरा. एका आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची, म्हणून दर तासाला चार्टवर त्याचा वेगळा रकाना करा. फुप्फुसातला दाब खरंच औषधाने उतरला असेल तर सीव्हीपीही उतरतो आणि कार्डियाक आउटपुट वाढतं.

वेज (फुगा फुगवून मिळणारा, डाव्या बाजूचा दाब सांगणारा आकडा) मिळत असेल तर सीव्हीपी भागिले वेज काढा. ०.६३ च्या वर गेलं तर उजवी बाजू डावीपेक्षा जास्त बिघडलीय. दोन्ही आकडे वर आणि जवळजवळ सारखे असतील तर पुन्हा टॅम्पोनेडकडे जा.

कॅथेटरचं टोक मागे सरकून आरव्हीत आलं की डायास्टॉलिक एकदम खाली येतं, लाटेचा डायास्टोलमधला भाग उतरायच्या ऐवजी चढता दिसतो आणि एक्टोपिक्स (अवेळी पडणारे जादा ठोके) सुरू होतात. हे ओळखलं नाही तर भागाकार सुंदर येतो आणि साफ खोटा असतो. ट्रायकस्पिड जोरात गळत असेल तर थर्मोडायल्युशनच्या आउटपुटवर विश्वास नको, मिश्र शिरेतल्या ऑक्सिजनवर जास्त ठेवा. फुगा फुगवून तसाच कधीच सोडू नका. फुप्फुसाची धमनी फुटली तर त्यातून पेशंट वाचवणं फार अवघड.

फ्लुइड देऊ का?

हृदय रिकामं असल्याचा पुरावा असेल तर द्या. नसेल तर पाय वर करून बघा, बीपी किंवा इकोतला प्रवाह वाढतो का. तरी शंका राहिली तर १०० मिली, कॉटशेजारी उभं राहून. सीव्हीपी ३-४ ने चढला आणि बीपी जागेवरच असेल तर थांबा, दुसरे १०० मागू नका. रात्रीत "अजून एक बॉटल" असं करत दीड लिटर गेलेला आरव्ही सकाळी सुधारायला फार वेळ घेतो.

लघवीसाठी फ्लुइड देणाऱ्यांनी एक वजाबाकी करावी. किडनीला मिळणारा दाब म्हणजे साधारण मीनमधून सीव्हीपी वजा. मीन ६० आणि सीव्हीपी १८ असेल तर उरतात ४२. मीन ७० वर नेला आणि सीव्हीपी १० वर आणला तर ६०. अशा पेशंटला लघवी फ्युरोसेमाइडने होते, आणि ते देताना हात थरथरायचं कारण नाही.

औषधांचा क्रम थोडक्यात. आधी मीन सावरा, म्हणजे उजव्या कोरोनरीला रक्त मिळेल: नॉरअ‍ॅड्रेनालिन, सोबत व्हॅसोप्रेसिन, जे फुप्फुसातल्या धमन्या फारशा आवळत नाही. मग मिल्रिनोन, लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) न देता, ०.२५ ते ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. लोडिंगने बीपी कोसळतं आणि मग आपणच बनवलेल्या खड्ड्यात आपण उतरतो. किडनी थकलेली असेल तर मिल्रिनोन साठतं, तेव्हा डोब्युटामिन बरं. फुप्फुसातल्या धमन्याच आवळल्या असतील तर श्वासातून देण्याची औषधं: नायट्रिक ऑक्साइड २० पीपीएमपासून, किंवा नेब्युलायझरमधून मिल्रिनोन. ही औषधं जिथे हवा जाते तिथल्याच धमन्या उघडतात आणि बीपी पाडत नाहीत.

नायट्रिक सुरू करण्याआधी सिलिंडर किती शिल्लक आहे ते बघा. ते अचानक बंद केलं तर फुप्फुसातला दाब उसळतो आणि पेशंट आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला, २०२१ च्या जुलैतही तेच झालं. पावसाळ्यात पुण्याहून गाडी येईल हे गृहीत धरू नका. पंचगंगा इशारा पातळीच्या जवळ असेल तर असे पेशंट पुढे ढकलण्याची चर्चा आदल्या दिवशीच करावी, टेबलावर घेतल्यावर नाही.

फोन करताना हे एवढं एका दमात सांगा: लेव्हल केल्यानंतरचा सीव्हीपी आणि मीन, रिदम, लाटेत काय दिसतं, शेवटच्या दोन तासांचा ड्रेन, पीप आणि एबीजी, इकोत पडदा कुठे आहे, आतापर्यंत किती फ्लुइड गेलं. यातलं एखादं बघितलं नसेल तर "बघितलं नाही" म्हणा, अंदाज सांगू नका. मी येईपर्यंत कॉट खाली घ्या, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० च्या दरम्यान आणा, सर्जनना निरोप द्या आणि टीईई (अन्ननलिकेतल्या इकोचा) प्रोब धुऊन तयार ठेवा.